दोन टॉमीगन, शेजारचे आजोबा आणि आपलं माणगाव

(पोस्ट लांबलचक आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा.)

गेल्या शनिवारी सकाळी शेजारच्या आजोबांनी हाक मारली. आजोबा म्हणजे अमेरिकन गृहस्थ, वय ८१, सगळं आयुष्य कारखान्यात लेथवर उभं राहून काढलेलं. ओहायोत आम्ही सतरा वर्षं शेजारी आहोत. माझी मुलं त्यांच्या अंगणात मोठी झाली. मी आत गेलो तर जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरलेली आणि तिच्यावर शेजारी शेजारी दोन टॉमीगन. जुन्या इंग्रजी सिनेमांत हॅट घातलेले गुंड जी गोल डब्याची बंदूक घेऊन गाडीतून उतरतात, तीच.

म्हणाले, "यातली एक विकायची आहे. तू कुठली विकशील?"

आता मी बंदुकांतला जाणकार नाही. माझ्याकडे एकही नाही आणि घ्यायचीही नाही. पण प्रश्न गमतीत विचारलेला नव्हता. आजींना मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. घरी दिवसभर बाई ठेवायची तर इथला खर्च पेन्शनीत बसत नाही. आजी नर्सिंग होमला जायला तयार नाहीत. म्हणजे टेबलावर ठेवलेल्या दोन वस्तूंपैकी एक वस्तू आजींना घरात ठेवणार होती. कुठली, एवढंच ठरवायचं होतं.

तुमच्या मनात पहिला प्रश्न येणार तो मला माहीत आहे. अमेरिकेत काय घराघरात मशीनगन असते? नसते. आणि का नसते ही कहाणी ऐकण्यासारखी आहे, कारण कायदा वस्तूचं काय करतो ते त्यात दिसतं.

१९३४ साली, दारूबंदीच्या काळातल्या टोळ्यांनी रस्त्यावर धुमाकूळ घातल्यानंतर, इथल्या संसदेने कायदा केला. मशीनगनवर बंदी घातली नाही. प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलर कर आणि सरकारकडे नोंद, एवढंच केलं. तेव्हा टॉमीगनची स्वतःची किंमतही तेवढीच होती. म्हणजे बंदुकीएवढाच कर. १९६८ मध्ये परदेशातून आणून सामान्य नागरिकाला विकणं बंद झालं. मग १९ मे १९८६ रोजी अध्यक्ष रेगन यांनी बंदूकमालकांच्या हक्कांसाठीच्या एका कायद्यावर सही केली. त्यात न्यू जर्सीचे खासदार विल्यम ह्यूज यांनी घातलेलं एक कलम होतं. त्या तारखेनंतर बनलेली एकही मशीनगन सामान्य नागरिकाच्या नावावर चढणार नाही. आधी नोंदलेल्या आहेत त्या राहतील, विकता येतील, वारसाला देता येतील. नवी मात्र नाही.

झालं काय, आकडा तिथेच गोठला. देशभरात खाजगी हातात फिरू शकतील अशा सुमारे पावणेदोन लाख. त्यात एकही वाढणार नाही, मोडली की एक कमी होणार. घेणारे मात्र वाढले. आजोबांनी त्यांची पहिली टॉमीगन १९८२ मध्ये एका जुन्या मोटारीच्या किमतीत घेतली होती. आज चांगल्या अवस्थेतल्या अशा बंदुकीला २५ हजार डॉलर आणि त्याहूनही जास्त मिळतात. आपल्याकडे एखाद्या गावच्या जमिनीलगत अचानक हायवे जावा, तसं हे. मालकाने काही केलेलं नसतं. रेषा त्याच्या बाजूने पडलेली असते एवढंच.

आता त्या दोन बंदुकांकडे येतो. लांबून पाहिलं तर जुळ्या बहिणी. दोन्ही १९२८ च्या नमुन्याच्या. दोन्हींचा खटका वरच्या बाजूला, आणि त्या खटक्यात मधोमध खाच, म्हणजे नेम धरताना नजर अडू नये. वजन पाच किलोला थोडं कमी. पहिल्यांदा उचलली तेव्हा मला आमच्या घरचा वरवंटा आठवला.

पहिली महायुद्धाच्या काळातली. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिका गावी सॅव्हेज कंपनीने बनवलेली, पण तिच्यावर छाप आहे ब्रिजपोर्ट, कनेक्टिकटचा, कारण मूळ कंपनीचा पत्ता तो. खरं सांगतं ते फक्त नंबराच्या आधीचं 'एस' हे अक्षर. युद्ध संपल्यावर ती एका छोट्या शहराच्या पोलिसांकडे गेली आणि तिथून आजोबांकडे. लाकूड काळवंडलेलं, धातूवरचा रंग कडांना उडालेला, दस्त्यावर एक खोल ओरखडा.

दुसरी वेस्ट हर्लीची. १९७० च्या दशकात जुन्या कंपनीचं नाव आणि हक्क ज्यांच्याकडे आले होते त्यांनी वेस्ट हर्ली या गावी पुन्हा टॉमीगन बनवायला घेतल्या. १९८६ चं दार बंद होईपर्यंत त्या बनत होत्या. आजोबांनी ही दुकानातून नवीकोरी घेतली. चकचकीत आहे, पण या बॅचच्या मापांबद्दल शौकिनांच्या तक्रारी जुन्या आहेत. बऱ्याच जणांना चांगल्या कारागिराकडून ती सारखी करून घ्यावी लागते. आजोबा स्वतःच लेथवाले, त्यांनी वर्षभर बसून ती जुळवली. आता ती घड्याळासारखी चालते म्हणतात.

शौकिनांच्या जगात अशा जोडीसाठी एक ठरलेला सल्ला असतो. एक चालवायची, एक ठेवायची. वेस्ट हर्ली चालवायची, युद्धातली ठेवायची. कारण सोपं आहे. गोळी झाडल्याने जे झिजतं ते बहुतेक बदलता येतं. स्प्रिंग, एक्स्ट्रॅक्टर, अगदी नळीसुद्धा. बदलता येत नाही तो रिसीव्हर, म्हणजे ज्या सांगाड्यावर नंबर कोरलेला असतो तो. कायद्याच्या नजरेत तोच मशीनगन आहे, बाकी सगळे सुटे भाग. त्याला तडा गेला तर नवा बनवून त्यावर तोच नंबर टाकता येत नाही. आणि दुसरी न बदलता येणारी गोष्ट म्हणजे मूळ रंग, मूळ लाकूड, मूळ ठसे. हौसेने कुणी पॉलिश मारून जुनी बंदूक नव्यासारखी केली की तिची किंमत वाढत नाही, पडते. आपल्याकडे आजीचा दोनशे वर्षांचा समई-तांब्या भट्टीत घालून चकचकीत करणारे लोक आहेत, त्यांना हे सांगायला हवं.

आणि ज्याला फक्त उडवायची हौस आहे त्याला जुने शौकीन टॉमीगनच्या वाटेलाच जाऊ देत नाहीत. उझी घे म्हणतात, सुटे भाग मुबलक मिळतात. कारण टॉमीगनचा खर्च झाडण्यातही आहे. मिनिटाला सहाशे-सातशेच्या वेगाने वीस गोळ्यांचं मॅगझिन दोन सेकंदांत रिकामं. दोन सेकंदांत आठ-दहा डॉलर धूर. आजोबा महिन्यातून एकदा रेंजवर जायचे, तीन मॅगझिन झाडून परत यायचे, आणि पुढचा तासभर साफ करत बसायचे. झाडण्यापेक्षा साफ करण्यातच त्यांचा जीव जास्त होता असं मला नेहमी वाटायचं.

म्हणजे ठरलेल्या सल्ल्याने उत्तर सोपं होतं. वेस्ट हर्ली विका, युद्धातली ठेवा. पण वेस्ट हर्लीचे पैसे कमी येणार, आणि बाईचा पगार किती महिने निघणार त्याचा हिशेब आजोबांनी कागदावर लिहूनच ठेवला होता. शिवाय त्यांचा मोठा मुलगा न्यूयॉर्क राज्यात राहतो. तिथे सामान्य माणसाला मशीनगन ठेवताच येत नाही, वारशाने आली तरी नाही. धाकट्याला यात रस नाही. मग ठेवायची ती कुणासाठी?

मी बराच वेळ गप्प होतो. मग मी त्यांना आपल्या माणगावची गोष्ट सांगितली.

तालुक्यातल्या मित्रांना ही गोष्ट सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. नाईक यशवंत घाडगे, पळसगाव-आमडोशीचे, मराठा लाइट इन्फन्ट्री. १० जुलै १९४४, इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतले बाकी सगळे एक तर पडले नाहीतर जखमी झाले. घाडगे एकटे धावत त्या मोर्चावर गेले. हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा, दोन्ही बंद केले. एकाला आपल्या टॉमीगनने टिपलं. मॅगझिन संपलं, बदलायला वेळ नव्हता, तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारलं. मोर्चा घेतला. मग दुसरीकडून शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि ते तिथेच गेले. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात टॉमीगनचा उल्लेख स्पष्ट आहे. पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनियो नदीच्या काठी निमजचे नामदेव जाधव यांनीही टॉमीगननेच पहिला मोर्चा थंड केला. हाताला गोळी लागून ती चालवता येईना, तेव्हा फेकून दिली आणि हातबाँब घेतले. तेही मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस.

मी हे सांगत असताना आजोबांनी युद्धातली बंदूक हातात घेतली आणि दस्त्यावरच्या त्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिले. अर्थात ती बंदूक इटलीत गेलीच नव्हती, तो ओरखडा कुठल्या तरी पोलीस गाडीच्या दाराचाही असेल. अशा १५ लाखांच्या आसपास टॉमीगन त्या युद्धात बनल्या. १९३९ मध्ये सरकारला एक २०९ डॉलरला पडायची. पुढे नमुना साधा करत करत १९४४ पर्यंत किंमत ४५ डॉलरवर आणली. त्या साध्या नमुन्यात कांशाचा एक नाजूक तुकडा काढूनच टाकला. त्याच्याशिवाय बंदूक चालणार नाही असं मूळ शोधकर्त्यांना वाटायचं. काढल्यावरही ती व्यवस्थित चालली. सैन्याच्या लेखी ती वापरून टाकायची वस्तू होती. घाडग्यांच्या हातातली कुठे गेली, वितळवली की मातीत गेली, काही पत्ता नाही.

पण त्या दिवशी काय घडलं ते आपल्याला आज माहीत आहे. का? कारण कुणीतरी ते लिहून ठेवलं.

इथे मला माझ्या मामाची गोष्ट आठवली, आणि खरं तर ही पोस्ट मी त्याच्यासाठीच लिहितोय. २०१९ मध्ये आपल्याकडे शस्त्र कायद्यात बदल झाला. पूर्वी परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता यायच्या. विधेयकात आधी एकच ठेवा असं होतं, ओरड झाल्यावर दोन केल्या. वारशाने आली असली तरी दोनच. जास्तीची वर्षभरात पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची. मामाकडे तीन होत्या. दोन बारा बोअरच्या, रानडुकरांपासून शेत राखायला, आणि एक आजोबांची ठासणीची. मामाने सरळ हिशेब केला. चालतात त्या ठेवल्या, ठासणीची दिली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. डुकरं ठासणीच्या बंदुकीला थांबत नाहीत.

पण मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा मी मामाला विचारलं, "तिचा फोटो आहे का रे?" नव्हता. "नंबर?" परवान्याचं जुनं पुस्तक वाळवीने खाल्लं. "आजोबांनी कुठून घेतली होती?" मामा म्हणाला, "माझ्या बापाला ठाऊक होतं." संपलं. शंभर वर्षांची वस्तू घरातून गेली आणि तिच्यामागे चार ओळी उरल्या नाहीत.

आता माझं मत सांगतो, पटलं तर बघा.

एक. अमेरिकेचा १९८६ चा कायदा अन्यायी आहे असं इथले शौकीन म्हणतात, आणि एका अर्थी ते खरं आहे. जे हत्यार पूर्वी कारखान्यातला कामगार घेऊ शकत होता ते आता श्रीमंताच्या तिजोरीतली ठेव झालं. पण त्याच कायद्याने एक काम चोख केलं. नोंदणी झालेल्या या बंदुका गुन्ह्यांत जवळजवळ दिसतच नाहीत. बोटांचे ठसे, फोटो, तपासणी, आणि १९३४ पासून मशीनगनवर तसाच राहिलेला तो २०० डॉलरचा कर. एवढं करून घेतलेली वस्तू घेऊन कुणी दरोडा घालायला जात नाही.

दोन. म्हणूनच मला वाटतं की कायद्याची नजर चुकीच्या जागी अडकून पडते. आजोबांच्या दोन बंदुकांचा ठावठिकाणा सरकारला नंबरानिशी माहीत आहे. आणि त्याच शहरात पोरं पिस्तुलाला नाण्याएवढा बेकायदा तुकडा जोडून तिची मशीनगन करतात, रात्री चौकात गोळीबार होतो. आपल्याकडे काय वेगळं आहे? मामाची तिसरी बंदूक जमा झाली, आणि पेपरात रोज बातमी गावठी कट्ट्याची. ज्याने स्वतःहून नाव नोंदवलं त्याच्याकडे जाणं पोलिसांना सोपं असतं. सोपं काम आधी होतं आणि अवघड काम राहून जातं. परवानाधारकांवर नियम नकोत असं मी मुळीच म्हणत नाही. तिनाच्या दोन केल्या, ठीक आहे. पण तेवढं करून काम झालं असं कुणी सांगू नये.

तीन, आणि हे सरकारला नाही, आपल्याला. एखादी जुनी वस्तू जपायची म्हणजे ती आपल्याच कपाटात ठेवायची असं नाही. आजोबांच्या कपाटात बंदुकीशेजारी एक फाईल आहे. १९८२ ची मंजुरी, पोलिसांनी विकल्याची पावती, कुठला भाग कधी बदलला त्याची वही, जुने फोटो. ती फाईल बरोबर असेल तर बंदूक कुणाच्याही घरी गेली तरी हरवत नाही. फाईल नसेल तर ती तुमच्या उशाशी असली तरी निव्वळ लोखंड.

म्हणून मी आजोबांना ठरलेल्या सल्ल्याच्या उलट सांगितलं. युद्धातली विका. पैसे जास्त येतील, बाईचा पगार निघेल, आणि जो एवढे पैसे मोजेल तो तिला जपेल. फाईल पूर्ण द्या, एक कागद मागे ठेवू नका. वेस्ट हर्ली तुमच्याकडे राहू द्या. तिला तुम्ही वर्षभर खपून चालती केलीत, तिची किंमत बाजारात कमी असेल, पण ती तुमच्या हातची आहे. महिन्यातून एकदा तीन मॅगझिन झाडा आणि तासभर साफ करत बसा.

आजोबा काही बोलले नाहीत. आतून आजींनी हाक मारली, ते उठून गेले. मंगळवारी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. युद्धातल्या बंदुकीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे होते, त्यांच्या हाताला कंप आहे म्हणून. मी चाळीस फोटो काढले. ओरखड्याचे वेगळे काढायला लावले. विकत घेणारा दुसऱ्या राज्यातला आहे, कागद मंजूर व्हायला वेळ लागेल, तोपर्यंत ती इथेच.

आता माणगाव, महाड, पोलादपूर, आणि एकूणच आपल्या कोकणातल्या मंडळींना माझी विनंती. आपल्या भागातून दोन्ही महायुद्धांत किती माणसं गेली ते गावोगावच्या जुन्या घरांना ठाऊक आहे. माणगावात घाडग्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोन्तोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ उभारलं. पण बाकीच्यांचं काय? तुमच्या घरी पणजोबांचं पदक असेल, डिस्चार्जचं पुस्तक असेल, ट्रंकेत बक्कल असेल, मनिऑर्डरची पावती असेल. यातलं काय ठेवायचं आणि काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. गरज पडली तर विकाही, आजोबांनी विकली तशी. त्यात लाज नाही.

फक्त त्याआधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. पदकाच्या कडेला नाव आणि नंबर कोरलेला असतो, तो भिंगाने वाचून वहीत उतरवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा, तारीख घाला. हे याच रविवारी करा.

मामाला मी तेच सांगितलंय. उरलेल्या दोन बारा बोअरच्या बंदुकांचे नंबर त्याने काल रात्री फोनवर वाचून दाखवले. मी लिहून घेतले.